दोन चुलींचा लॅपटॉप

थू पाओचूने च्यायी गावच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं लोकांचे जन्म, लग्नं आणि मरणं टाइप केली. तिची बोटं अशी चालायची की समोरचा माणूस मेलेल्या बापाचं नाव सांगून डोळे पुसेपर्यंत बाप कागदावर जाऊन पोचलेला असायचा. जिभेला हाड नव्हतं. पोराची जन्मतारीख अडखळत सांगणाऱ्या बापाला ती सरळ विचारायची, "तुमचाच ना हा? की वाटेत बदलून आणलात?"

पण एका बाबतीत ती भित्री होती. वाचल्याशिवाय कुठलंही 'होय' ती दाबायची नाही. कचेरीत कॉम्प्युटर आले त्या पहिल्या वर्षी तिने घाईत एक 'होय' दाबलं आणि शेजारच्या गल्लीतला एक धडधाकट शिंपी मृतांच्या यादीत गेला. त्याला परत जिवंत करायला सात महिने आणि बावीस शिक्के लागले. तो शिंपी पुढे तिच्या प्रत्येक ब्लाउजची बाही मुद्दाम आखूड शिवायचा.

तिचा नवरा वेंग थ्येनलू टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावर चढून तार जोडली की ती चालते का हे बघायला कुठेतरी फोन लावावा लागतो. बाकीचे लाइनमन एकमेकांना लावून "एक दोन तीन" म्हणायचे. हा नोंदणी कचेरीत लावायचा, कारण तिथली मुलगी दुसऱ्या घंटेला फोन उचलते हे त्याने हेरून ठेवलं होतं. तिने उचलला की हा एवढंच म्हणायचा, "जेवण झालं का?"

आमच्याकडे हे वाक्य रस्त्यात भेटेल त्याला म्हणतात आणि त्याला उत्तर एकच असतं: "झालं." पोटात कावळे ओरडत असले तरी "झालं." पाओचूचं "झालं" ऐकू आलं की लाइन ठीक, फोन खाली. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस तिने गंमत म्हणून सांगितलं, "नाही झालं." तर हा वरच अडकला. "का नाही झालं? काय खाणार? मी आणू का?" खाली मुकादम बोंबलतोय, वर हा वाफवलेल्या पावात, बाओझीत, कसलं सारण हवं ते विचारतोय. त्या संध्याकाळी तो सहा बाओझी घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाची नोंद तिने स्वतःच्या हाताने टाइप केली. नंतर मात्र ती कायम "झालं"च म्हणायची. उगाच खांबावर लटकत राहायला नको त्याने.

"खरं सांग," ती कधी कधी विचारायची, "तू मला विचारतोस की तारेला?"

"दोघींना," तो म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर थ्येनलूने एक लॅपटॉप घेतला आणि त्यात दोन सिस्टीम टाकल्या. एक नेहमीची, घरोघरी असते ती, पाओचूसाठी. मे महिन्यात कर भरायला, कार्ड लावून दवाखान्याची कामं करायला आणि महाजोंग खेळायला. दुसरी लिनक्स, हौशी लोकांची, स्वतःसाठी. लॅपटॉप चालू केला की आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या: कुठे जायचं, तिच्याकडे की त्याच्याकडे? दहा आकडे उलटे मोजून होईपर्यंत काही दाबलं नाही तर तिच्याकडे.

"एका छपराखाली चूल वेगळी मांडलीस होय रे?" ती म्हणाली होती.

"भांडण नको म्हणून," तो म्हणाला होता. "शिवाय माझ्या चुलीला कुलूप आहे."

त्या कुलपाआड काय शिजतं ते तिने कधी विचारलं नाही. रोज दुपारी तीन ते चार तो दार लावून घ्यायचा आणि माइकसमोर बसून बोलायचा. कोणत्या रस्त्यावर कुठला खांब होता, त्या खांबाखालच्या घरात काय चालायचं, अशा गोष्टी. नातीसाठी, म्हणायचा. या तासात तिने कढईवर झाकण आदळलं की आतून ओरडायचा, "अगं, टर्कीच्या मांसाचा भात शिजवतेस की रणगाडा चालवतेस?" आयुष्यभर फोनच्या तारा ओढल्या म्हणून की काय, माणसाला फोनवर बोलायचा कंटाळा होता. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो कुठेच नाही, कारण व्हिडिओ त्यानेच काढला. त्याचा आवाज होता तो त्या कुलपाआड, तीन वर्षांचा.

मग हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. अठराव्या दिवशी दवाखान्याच्या खाटेवर त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, डावा हात तिच्या पिशवीकडे केला (लॅपटॉपच्या पिशवीतूनच ती डबा आणायची) आणि स्वच्छ म्हणाला, "जेवण झालं का?"

पाओचू बाहेर जाऊन पाण्याच्या मशीनला टेकून रडली. माणसाच्या डोक्यातून स्वतःचं नाव गेलं, मुलीचं नाव गेलं, पाणी हा शब्द गेला आणि मागे उरलं ते हे. तिने आत येऊन सांगितलं, "झालं, झालं." खरं तर सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने ही गोष्ट शिन्चूत राहणाऱ्या मुलीला सांगितली, वॉर्डातल्या सगळ्या बायकांना सांगितली, टोफूवाल्यालाही सांगितली. पुढचे पाच महिने हेच एक वाक्य थ्येनलूला येत होतं. तहान लागली तरी तेच, पाठ दुखली तरी तेच, टीव्ही नको असला तरी तेच. आणि ती प्रत्येक वेळी "झालं" म्हणायची. रात्रंदिवसाच्या त्या सगळ्या धुण्या-पुसण्यात, उचलण्या-बसवण्यात तेवढं एकच सुख होतं तिच्याजवळ. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. ती म्हणायची, हो, आहे.

बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. एक दिवस ती म्हणाली, "मावशी, काकांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आहे का काही? पूर्वीचं? कधी कधी माणूस स्वतःच्या आवाजाच्या मागे मागे बोलायला लागतो. होईलच असं नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत झालं तर झालं."

पाच महिने संपले होते. पाओचूने त्याच दुपारी लॅपटॉप काढला.

लॅपटॉप चालू झाला तो सरळ तिच्या बाजूला. काळा पडदा नाही, दोन ओळी नाहीत. बंद न करता नुसता मिटून ठेवला होता तेवढ्यात आपोआप काही नवीन उतरवून घेतलं होतं त्याने आणि त्या गडबडीत वाट विचारणारा तो पडदाच नाहीसा झाला. तिने चार वेळा बंद-चालू केलं. मग आतले सगळे कप्पे उघडून बघितले. एका कप्प्यावर टिचकी मारताच पाटी आली: हा कप्पा वापरण्याआधी साफ करावा लागेल. करू?

तिने शिन्चूला मुलीला फोन लावला.

"साफ करू का विचारतंय."

"मग कर ना, आई. जागा भरली असेल. ते नेहमी असलंच काहीतरी विचारत असतं."

पाओचूचं बोट 'होय'वर होतं. तिला शिंपी आठवला. तिने पाटी परत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि 'नाही' दाबलं. मग दुसऱ्या कशालाही हात न लावता तिने लॅपटॉप बंद केला.

स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानातल्या पोरसवद्या इसमाने दोन मिनिटांत निकाल दिला. "सगळं पुसून नवीन टाकतो, आजी. मस्त पळेल." ती म्हणाली, "तुझं डोकं पुसून नवीन टाक आधी," आणि लॅपटॉप काखेत मारून बाहेर पडली. कोणीतरी तिला जुन्या बाजाराच्या मागच्या च्वांगचं नाव सांगितलं.

च्वांग पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, सँडल घालून बसणारा माणूस. दुकान म्हणजे गल्लीत शिरलेली एक पट्टी. मशीनं शहाण्यासारखी वागावीत म्हणून आमच्याकडे ठेवतात तसं त्याच्या कपाटावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं, तारीख न उलटलेलं; उलटली तर मशीन रुसतं म्हणतात. त्याने लॅपटॉपला पेनड्राइव्हची एक छोटी काडी लावली, दुसरीच सिस्टीम त्यावरून चालू केली आणि आत डोकावला.

"काकांची बाजू जागेवर आहे, मावशी. त्या 'साफ करू'ला 'होय' म्हणाला नाहीत म्हणून वाचली. भिंत पडलेली नाही, नुसती दारावरची पाटी पडलीय. पाटी लावून देतो."

पाटी लावायला त्याला अडीच तास लागले. दोनदा ती लागली आणि पुन्हा चालू करताच गायब झाली. च्वांगने मशीनला शिव्या घातल्या, मग पाकिटाकडे बघून माफी मागितली. तिसऱ्यांदा काळा पडदा आला, त्यावर दोन ओळी, खाली दहाचे आकडे उलटे पळत. पाओचूला वाटलं, दारात थ्येनलूच उभा आहे. तिने स्वतः बाण खाली नेला आणि त्याची ओळ दाबली.

पडद्यावर एकच वाक्य आलं: पासवर्ड द्या.

"द्या," च्वांग म्हणाला.

तिच्याकडे नव्हता. मग सुरू झाला तारखांचा पाढा. त्याचा वाढदिवस, आमच्या सनाप्रमाणे, मग इंग्रजी सनाप्रमाणे, मग चांद्र पंचांगाप्रमाणे. मुलीचा. नातीचा. लग्नाचा. खात्यातला त्याचा नंबर. तीन चुकले की मशीन पाठ फिरवायचं, परत पहिल्यापासून चालू करायचं. त्या आठवड्यात ती चार वेळा गल्लीत आली, दर वेळी कागदावर नवीन आकडे लिहून. एकतीस वर्षं गावाच्या तारखा टाइप केल्या तिने, आणि स्वतःच्या नवऱ्याची एक गोष्ट सापडेना.

"तुम्हाला तोडता नाही का येत?" शेवटी ती म्हणाली. "दुकान कशाला मांडलंय मग?"

च्वांगला राग आला नाही. तो हात मांडीवर ठेवून बसला. "मावशी, दुसरं काही असतं तर दाराचा कडीकोयंडा काढून दिला असता. हे कुलूप असं आहे की आतलं सगळं त्याच किल्लीने कालवून टाकलंय. किल्ली नसेल तर आत नुसता चिखल. मी काय, कोणीच काही करू शकत नाही. हात टेकले मी." मग म्हणाला, "काकांना विचारलंत?"

"विचारलं की."

विचारलं होतं, शंभरदा. रोज सकाळी पाठ पुसताना विचारायची, "थ्येनलू, पासवर्ड काय?" तो म्हणायचा, "जेवण झालं का?" ती म्हणायची, "झालं, झालं. पासवर्ड सांग." तो पुन्हा तेच, जरा मोठ्याने. ती पुन्हा "झालं." हे असं चालत चालत एक दिवस त्याने ओला टॉवेल तिच्या तोंडावर फेकला. आजाराने माणूस चिडका होतो, असं शिकवणाऱ्या मुलीने सांगितलंच होतं. तिने टॉवेल उचलून पिळला आणि रागावली नाही.

"इकडे आणा त्यांना," च्वांग म्हणाला. "मशीन समोर दिसलं तर कदाचित हात आपोआप चालेल. कधी कधी डोकं विसरतं ते बोटांना आठवतं."

सहावा महिना संपायला नऊ दिवस उरले होते. सकाळी तिने त्याला पेज भरवली, चाकाच्या खुर्चीत बांधलं, टॅक्सीवाल्याशी खुर्ची घालण्यावरून भांडली आणि गल्लीत आणलं. खुर्ची दुकानात मावेना, म्हणून च्वांगने स्टूल बाहेर काढून त्यावर लॅपटॉप ठेवला. पासवर्ड द्या, असं पडद्यावर उभं होतं. थ्येनलूने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला, डावी बाजू तरी. त्याने डावा हात कीबोर्डवर ठेवला. एक बटण दाबलं. मग बोटं भलतीकडेच गेली. तो थांबला, बोटांकडे बघत राहिला. बटणांवरची चिन्हं त्याला आता वाचता येत नव्हती.

"काका," च्वांग वाकून मोठ्याने म्हणाला, "पासवर्ड काय?"

"जेवण झालं का?"

"झालं की, काका. तुमचं?"

थ्येनलूने स्टुलावर मूठ आपटली. "जेवण झालं का!" डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. "जेवण! झालं! का!"

च्वांग ओशाळला. पाओचू नवऱ्याचं तोंड पुसायला लागली. "त्याला एवढंच येतं," ती म्हणाली. "मला विचारत असतो."

तेवढ्यात मोबाइल दुरुस्तीला टाकून मांडीवर टॅब घेऊन बाकावर बसलेल्या एका मास्तरीणबाईंनी आतून विचारलं, "मालक, तुमच्या वायफायचा पासवर्ड काय हो? भिंतीवर लिहिलाय तो काही कळत नाही. सगळी कुत्र्यामांजराची अक्षरं."

"सोपा आहे," च्वांग तिकडे न बघताच म्हणाला. "'हात लावू नका.' कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि बटणं आपली दाबायची."

आमच्याकडच्या कीबोर्डवर प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराशेजारी आमचं एक ध्वनिचिन्ह छापलेलं असतं. पोरं पहिलीच्या पहिल्या दहा आठवड्यांत ती शिकतात. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे उमटतात, काहीच्या काही, पण बोटं मात्र आपलंच वाक्य टाइप करत असतात. अर्ध्या देशाचे पासवर्ड असे आहेत. कचेरीत पाओचूचा स्वतःचा होता: 'साहेब डुलक्या घेतो'.

पाओचूचा रुमाल थ्येनलूच्या गालावर तसाच राहिला.

"सरका," ती च्वांगला म्हणाली.

तिने 'जेवण झालं का' हे आधी शाळेत शिकवतात त्या भाषेत टाइप केलं. चूक. थ्येनलूने श्वास रोखला होता. घरी ते दोघं शाळेची भाषा कधीच बोलले नव्हते. मग तिने 'जेवण'साठी ते अक्षर धरलं, खाणावळींच्या पाट्यांवर घरची बोली लिहिताना वापरतात ते, आणि त्याची बटणं दाबली. बाकीचं तसंच. एकतीस वर्षांची सवय, खाली बघावंच लागलं नाही. पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला आणि मग निळा उजळला. त्यावर भाताच्या शेतात उभ्या असलेल्या टेलिफोनच्या खांबाचा फोटो होता.

च्वांगने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! माणूस सांगत होता की हो! घसा फोडून सांगत होता!" मास्तरीणबाई टाळ्या वाजवत बाहेर आल्या. थ्येनलू हसत होता, तोंड एका बाजूला ओढलं जात होतं आणि तो पाओचूच्या हातावर थापा मारत होता.

पाओचूही हसली. मग च्वांगचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं. सांगत होता. पहिल्या दिवसापासून. दवाखान्यात त्याने पिशवीकडे हात केला होता तो डब्यासाठी नव्हता, लॅपटॉप मागत होता तो. पाठ पुसताना, पेज भरवताना, प्रत्येक वेळी तो एक गोष्ट सांगत होता आणि ती त्याला "झालं" म्हणत होती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. अख्ख्या वॉर्डाला, टोफूवाल्याला काय सांगत सुटली होती ती? परतताना टॅक्सीत तिने खिडकीबाहेर तोंड केलं आणि घर येईपर्यंत वळवलं नाही.

घरी दुपारचे तीन वाजले होते. तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, खुर्ची शेजारी लावली. फायली तारखांनी लावलेल्या होत्या, सहाशेच्या वर. तिने पहिली उघडली.

आधी खरखर. मग त्याचा आवाज, धडधाकट, हसरा, अगदी कानाशी. "जेवण झालं का? जेवण झालं का? हं, येतोय आवाज. तर ऐक. मंदिरामागचा सतरा नंबरचा खांब..." आणि तो सुटला. खांबावरचं गांधीलमाशांचं पोळं, खालच्या घरातली पेरू फेकून मारणारी म्हातारी, मुकादमाची तिरकी टोपी. मागे कुठेतरी कढईवर झाकण आदळलं. "ऐकलंस ना? ही तुझी आजी," तो आवाज म्हणाला.

पाओचूने थ्येनलूकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तो आवाजाच्या मागे मागे जाऊ बघत होता, शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं तसा. 'खांब'शी ओठ मिटले, पण तोवर तो आवाज पोळ्यापर्यंत पोचला होता. त्याने पोळं पकडायला तोंड उघडलं, तर तो पेरूवर. तिने थांबवून मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थ्येनलूने ओठ हलवले नाहीत. तो नुसता ऐकत राहिला, एखादा ओळखीचा माणूस शेजारच्या घरात गप्पा मारत असावा तसा. मग त्याने डावा हात लांब केला आणि लॅपटॉप हळूच मिटवला.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या बघू. घाई नाही." घाई होती. नऊ दिवस होते.

 त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"जेवण झालं का?"

सहा महिने तिच्या तोंडून उत्तर चटकन निघत होतं. आता कुलूप उघडलेलं होतं, पासवर्ड कोणी विचारला नव्हता आणि तो तिच्याकडे बघत होता. पाणी हवंय? पाठ दुखतेय? लॅपटॉप दूर ठेव म्हणतोय? की एवढंच उरलंय म्हणून तेच येतंय? तिला काही कळेना, आणि कळायचा काही मार्गही नव्हता. तिला त्याला विचारायचं होतं, मला विचारतोस की तारेला. पण त्याचंही उत्तर तो तेच देणार होता.

"नाही," पाओचू म्हणाली.  "नाही झालं, थ्येनलू. सकाळपासून काहीच नाही खाल्लं मी."

 मग त्याचा डावा हात टेबलावरून सरकत आला आणि सकाळच्या पेजेचं रिकामं वाडगं त्याने तिच्यापुढे ढकललं.